नऊ पानांचा पराक्रम

९१ ही मूळ संख्या आहे का? क्षणभर वाटते, असावी. पण तेराचा पाढा पाठ असणारा चटकन सांगेल, ते १३ गुणिले ७! शंभर आकडी संख्येपुढे मात्र पाढ्यांचे काही चालत नाही. झटपट कसोट्या १९७० च्या दशकापासून होत्या, पण त्यांचे उत्तर 'बहुधा मूळ' एवढेच. पुरती खात्री आणि वेगाची हमी एकाच रीतीत कोणाला साधली नव्हती.

ती साधली कानपूरच्या आय.आय.टी.त. डॉ. मणींद्र अग्रवाल यांनी १९९१ मध्ये तिथूनच पीएच.डी. केली आणि १९९६ पासून तिथेच ते संगणकशास्त्र शिकवू लागले. १९९९ मध्ये सहकारी सोमनाथ बिस्वास यांच्यासह त्यांनी नवी कसोटी मांडली, तीही 'बहुधा'वालीच. दुसऱ्या कोणी निबंध छापून विषय मिटवला असता. अग्रवालांनी तो बी.टेक.च्या मुलांना प्रकल्प म्हणून दिला! एका तुकडीने थोडी वाट काढली. पुढच्या तुकडीतले नीरज कयाल आणि नितीन सक्सेना शेवटपर्यंत पोहोचले.

कल्पनेचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. हलायुधाने दहाव्या शतकात सांगितलेला मेरुप्रस्तार आठवा. पाचाची ओळ १, ५, १०, १०, ५, १. टोके सोडून साऱ्यांना ५ ने भाग जातो. चाराची ओळ १, ४, ६, ४, १. इथे ६ अडतो. मूळ संख्येची ओळ कधीच अडत नाही, इतरांची अडतेच. पण शंभर आकडी संख्येची ओळ लिहिणार कोण? ती न लिहिता, मोजक्या तपासण्यांत निकाल लावण्याची युक्ती या तिघांनी शोधली.

ऑगस्ट २००२ मध्ये त्यांचा नऊ पानी मसुदा जगभरच्या तज्ज्ञांकडे गेला. २००४ मध्ये तो 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापला गेला आणि २००६ चा गोडेल पुरस्कार तिघांना मिळून मिळाला.

आता बँकांची सांकेतिक कुलुपे तुटणार, अशी भीती घालणाऱ्यांनी गफलत केली. ती कुलुपे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर उभी आहेत, आणि संख्या मूळ आहे की नाही हे कळल्याने अवयव हाती लागत नाहीत. रोजच्या वापरात जुन्या कसोट्याच अजून चपळ ठरतात.

अग्रवालांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. सक्सेना त्याच विभागात प्राध्यापक झाले. २०१८ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. गुरूंना तो २००३ मध्ये मिळाला होता.