अल्-गूल आणि न ऐकणारा मुलगा
‘रअस-अल-गूल’ म्हणजे भुताचे डोके. अरबांनी दिलेल्या या नावाचे युरोपात ‘अल्गोल’ झाले. ययाती तारकासमूहातला हा तारा मधूनच मंदावतो. नेमका किती वेळाने, हे 1783 मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकने सांगितले: 2 दिवस, सुमारे 21 तासांनी. वय अठरा, लहानपणीच्या आजारात बहिरा झालेला. अशा मुलाला काय कळणार, असे आपण किती सहज म्हणतो! शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून वेळ टिपायची, एवढीच त्याची रीत. पुढच्याच वर्षी वृषपर्वात त्याला नवा रूपविकारी तारा सापडला. एकविसाव्या वर्षी तो वारला. थंडीत आम्ही गच्चीवरून अल्गोल पाहतो. मंद वाटला, की तासाभराने पुन्हा जिना चढतो.