छावणीतून नगरपालिकेकडे

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. या वस्तीची सामूहिक ओळख भाषेने आणि विस्थापनाच्या दुःखाने घडली असे सहसा मानले जाते, परंतु कायदा आणि कचेरी यांचा त्यातील वाटा मुळीच कमी नव्हता. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही मर्यादा घालून, त्याआधी येथे येऊन स्थायिक झालेल्यांना थेट आणि नंतर आलेल्यांना नोंदणीद्वारे नागरिकत्व दिले, तर १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दलचा दावा, म्हणजे ‘क्लेम’, येथील घराजमिनीच्या मालकीशी जोडला. भाषावार प्रांतरचनेत सिंधीभाषकांच्या वाट्याला राज्य आले नाही (आठव्या अनुसूचीतील स्थानही १९६७ साली मिळाले), त्यामुळे नगरपालिका आणि १९९६ नंतर महानगरपालिका हेच त्यांच्या राजकीय सामर्थ्याचे मुख्य व्यासपीठ ठरले. शेजारच्या अंबरनाथ व बदलापूरचा अनुभव वेगळा आहे: १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत गेलेली ही शहरे १९९२ मध्ये बाहेर पडली आणि स्वतंत्र नगरपरिषदांकडे आली, पण स्वस्त घरासाठी मुंबईहून तेथे येणाऱ्यांना ना पुनर्वसन खाते लाभले, ना कायद्याने दिलेले समान नाव. तेथे रहिवासी वाढले. उल्हासनगरसारखा राजकीय समाज मात्र घडला नाही.