समजून घ्या : ‘निकोटीन नाही, नुसता फ्लेवर आहे’ म्हणून व्हेप चालतो का?

सावंगी (मेघे), वर्धा : आंबा, स्ट्रॉबेरी, पुदिना, संत्रा. व्हेप विकणारा आधी चव सांगतो आणि मग हळूच म्हणतो, ‘यात निकोटीन नाही, नुसता फ्लेवर आहे.’ मेडिकल आणि डेंटल कॉलेजांमुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या सावंगीसारख्या गावात हे वाक्य मुलांनी, पालकांनी आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांनीही तपासून पाहायला हवे. थोडक्यात उत्तर असे : कायद्याला ही सबब चालत नाही आणि फुफ्फुसांनाही नाही.

लिक्विडमध्ये नेमके काय असते?

प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन पातळ पदार्थ म्हणजे मूळ द्रव. त्यात फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन मिसळतात. फ्लेवर म्हणजे फळाचा रस नव्हे, तर वासाच्या रसायनांचे मिश्रण. व्हॅनिलाच्या वासासाठी व्हॅनिलिन, दालचिनीसाठी सिनॅमल्डिहाइड, थंडाव्यासाठी मेन्थॉल. संत्र्याच्या सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असते. यातली बरीच रसायने बिस्किटे, आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्येही वापरतात.

मग खाल्लेले चालते, तर ओढलेले का नाही?

गोंधळ इथेच होतो. खाल्लेला पदार्थ पोटात पचतो, यकृत त्याचे विघटन करते. फुफ्फुसांत अशी सोय नाही. तिथे रसायन थेट नाजूक पेशींवर बसते. शिवाय व्हेपमधली तापलेली कॉइल या द्रवाचे सूक्ष्म थेंबांत रूपांतर करते आणि त्या उष्णतेत फॉर्मल्डिहाइडसारखी नवी घातक रसायनेही तयार होऊ शकतात. अमेरिकेतील फ्लेवर उत्पादकांच्या संघटनेनेच स्पष्ट केले आहे की, त्यांचे सुरक्षिततेचे निकष खाद्यपदार्थांपुरते आहेत, व्हेपसाठी नाहीत.

असे कधी घडले आहे का?

हो. २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील ८ माजी कामगारांना फुफ्फुसांचा गंभीर, बरा न होणारा आजार आढळला. संशयाची सुई लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिलकडे वळली. पॉपकॉर्न खाणाऱ्यांना जो वास हवाहवासा वाटत होता, त्याचीच वाफ कामगार रोज श्वासातून घेत होते. व्हेपमुळे हाच आजार सर्रास होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअसिटिल सापडले.

दुसरे उदाहरण २०१९ चे. अमेरिकेत व्हेपशी संबंधित फुफ्फुसविकाराचे फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. मुख्य संशयित होता व्हिटॅमिन ई अॅसिटेट. तो प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळला जात होता. गोळीतून किंवा क्रीममधून हाच पदार्थ लोक बिनधास्त वापरतात.

फ्लेवरवर एवढा भर का?

निकोटीन घशाला खरवडते. गोड चव आणि मेन्थॉलचा थंडावा ती खरखर झाकतो. पहिलाच झुरका सुसह्य होतो, म्हणून दुसरा घेतला जातो. फ्लेवर हे तरुणांना ओढणारे आमिष ठरते, ते यामुळेच.

भारतातला कायदा काय म्हणतो?

१८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आली. व्याख्येतच ‘निकोटीन असो वा नसो’ असे आहे. ई-हुक्काही त्यातच येतो. पूर्ण उपकरणच नव्हे, सुटा भाग विकणेही गुन्हा आहे.

• उत्पादन, विक्री : पहिल्यांदा १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
• पुन्हा सापडल्यास : ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.
• साठा : माहीत असून आपल्या जागेत माल ठेवू दिल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेवटची तरतूद खोलीमालकांनी लक्षात ठेवावी. तीच मित्राचा ‘माल’ आपल्या खोलीत ठेवू देणाऱ्या विद्यार्थ्यालाही अडचणीत आणू शकते.

बंदीतला माल चोरून येतो, म्हणून त्यात काय मिसळले आहे हे तपासणारी यंत्रणाच नसते. पाकिटावर ‘शून्य निकोटीन’ छापलेले असले, तरी ते खरे मानायला आधार नाही. सवय लागली असेल, तर ती सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.