गंमत गणिताची : सरळ रेषेची परीक्षा

मुलांनो, आजीच्या रक्तातली साखर प्रयोगशाळेत कशी मोजतात? नमुन्यात रसायन घातलं की रंग येतो. साखर जास्त, तर रंग गडद. यंत्र तो रंग मोजून आकडा देतं. पण साखर दुप्पट झाली तर आकडाही दुप्पट येतो का? ते आधी तपासावं लागतं.

त्यासाठी साखर ठाऊक असलेली द्रावणं यंत्राला देतात. समजा, १००, २००, ३००, ४०० आणि ५०० ची द्रावणं दिली. आकडे आले १००, २०५, ३००, ३८५, ४६०. आलेख काढा. ठिपके सरळ रेषेतच वाटतात ना? ते रेषेला किती धरून आहेत हे सांगणारा सहसंबंध गुणांक येतो ०.९९८. पूर्ण सरळ म्हणजे १. मग यंत्र पास?

थांबा हं! ठिपक्यांना सर्वांत जवळची रेषा सांगते ११०, २००, २९०, ३८०, ४७०. आलेल्या आकड्यांतून हे वजा करा : −१०, +५, +१०, +५, −१०. टोकं खाली, मधले वर! साध्या चुका कशाही विखुरतात. अशा ओळीने उभ्या राहिल्या, की समजावं, रेषा वाकलीय.

मग यंत्राची मर्यादा ठरवतात. त्यापुढचा नमुना पातळ करून मोजतात आणि उत्तराला तितक्या पटीने गुणतात. नाहीतर आजीची ५०० साखर डॉक्टरांना ४६० च दिसेल!

आता घरी रबरबँडला एकसारखी नाणी टांगून लांबी मोजा. रेषा सरळ येते का, बघा बरं!