धुराडं पेटलं तर विम्याचा क्लेम कुठे अडकतो?

लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. त्यानंतर चर्चा झाली ती प्रदूषणाची, पावाच्या भावाची आणि नव्या भट्टीच्या खर्चाची. धुराड्याच्या आगीचा विषय त्यात मागेच राहिला. पावाच्या धंद्यात आपली अनेक कुटुंबं आहेत, म्हणून तो इथे मांडतो.

धुराडं पेटतं ते आत साचलेल्या थरामुळे. लाकूड ओलं असलं किंवा भट्टीला हवा कमी पडली की ते नीट जळत नाही. धूर वर जाताना थंड होतो आणि आतल्या भिंतीवर डांबरासारखा काळा थर बसतो. हा थर स्वतःच जळाऊ असतो. एखाद्या दिवशी जाळ जास्त झाला की तो पेट घेतो, धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि भिंतीला तडा असेल तर आग छताच्या लाकडापर्यंत पोहोचते. कबाब-तंदूरच्या हॉटेलांत हेच काम एक्झॉस्टच्या पाइपात साचलेलं तेल करतं. म्हणूनच, गॅस आला म्हणजे धोका संपला असं नाही. जुनं धुराडं वापरणार असाल तर आधी खरवडून, तपासून घ्या.

आता विम्याचं. विमा घ्यावा की नाही यावर घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, तो प्रश्न आलिमांकडे न्यावा. इथे बोलतोय ते ज्यांनी हप्ता भरलाय त्यांच्यासाठी.

बहुतेकांची पॉलिसी बँकेने कर्ज देताना काढलेली असते, कागदही बँकेतच. ती आधी मागून घ्या आणि रक्कम बघा. समजा माल, यंत्रं, बांधकाम मिळून किंमत २० लाख आहे आणि विमा १० लाखांचाच. नुकसान ४ लाखांचं झालं तर हातात २ लाखच येतील, कारण निम्म्या मालमत्तेचा विमा तुम्ही उतरवलाच नव्हता. लहान धंद्यांसाठी २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ होते, त्याहून जास्त नाही.

दुसरी अडचण बारीक अक्षरातली. तापवण्याच्या किंवा सुकवण्याच्या प्रक्रियेत असलेल्या वस्तूचं त्या प्रक्रियेमुळेच झालेलं नुकसान अग्निविम्यात सहसा धरत नाहीत. म्हणजे भट्टीतला जळलेला पाव क्लेममध्ये बसणार नाही. पण आग पसरून पिठाची पोती, फर्निचर, छत जळलं तर तो वेगळा मामला आहे. क्लेम लिहिताना दोन्ही नुकसानं एकत्र केली की सर्व्हेयरला सगळ्यावरच शंका घ्यायला जागा मिळते. लाकडावरून गॅसवर आलात तर तो बदलही कंपनीला लेखी कळवा. ‘जोखीम बदलली, सांगितलं नाही’ हे कारण नंतर ऐकावं लागू नये.

सफाईची पावती कोण ठेवतो, असं वाटेल. पण निष्काळजीपणाचा आरोप खोडायला तीच उपयोगी पडते. अग्निसुरक्षेच्या कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा ‘फॉर्म बी’ लागू असेल तर त्याची प्रतही जपा. आग लागल्यावर एक्झॉस्ट बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, १०१ लावा. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नका, ते तडकतं. विझल्यावर फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत मलबा हलवू नका.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर घरमालक, एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची.