सुवर्णतास कोणाच्या हाती?

२०२३ साली अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने खालापूर तालुक्यावर दोन आघात झाले. १५ एप्रिलच्या पहाटे बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ एक खासगी बस दरीत कोसळली आणि पुण्याहून मुंबईकडे परतणाऱ्या वादक पथकातील तरुणांसह १३ जण मृत्युमुखी पडले. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. दोन्ही वेळी मंत्र्यांची धावपळ झाली, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, पुनर्वसनाची आश्वासने दिली गेली. परंतु एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. अशा रात्री जखमी माणूस तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा दारात त्याला हाताळणारी, त्याची नाडी पाहणारी, रक्तस्राव थांबवणारी परिचारिका किती आहे, कोणत्या वेतनावर आहे आणि पुढच्या वर्षी ती तिथे असेल काय?

कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई-पुणे या दोन महानगरांच्या मधोमध आहेत, हेच त्यांचे भाग्य आणि हेच दुर्भाग्य. जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि मध्य रेल्वे या दोन शहरांची घाई याच मुलुखातून वाहून नेतात. खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात पोलाद, कागद आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. तिथे यंत्रावर उभा असतो तो बहुधा कंत्राटी कामगार. डोंगरउतारावर ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथून सर्पदंशाचा रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण आजही डोलीतून खाली आणावी लागते. घाटातील अपघात, कारखान्यातील भाजणे, वाडीवरचा सर्पदंश आणि पावसाळ्यातील दरड ही इथल्या तातडीच्या उपचारांची चार रूपे. या चारही प्रसंगी डॉक्टरच्या आधी, आणि पुष्कळदा डॉक्टरच्या अनुपस्थितीत, रुग्णाला हात लागतो तो परिचारिकेचा.

याच रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखवला आणि जगाच्या वैद्यकशास्त्राने त्याची दखल घेतली. त्या यशामागे आलिशान इमारत नव्हती. साधे औषध होते, आणि रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून त्याचा रक्तदाब पाहत राहण्याची चिकाटी होती. तातडीची सेवा म्हणजे मुख्यतः जागृत, प्रशिक्षित माणसांची सेवा, हा त्याचा धडा आहे. शासनाने मात्र तो कधीच घेतला नाही.

शासनाचे उत्तर ठरलेले असते : सिमेंट, वाहन आणि विमा. घाटातील वळणे टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा १३ किलोमीटरांहून अधिक लांबीचा जोडमार्ग सहा हजार कोटींहून अधिक खर्चाने हाती घेण्यात आला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तीही खासगी कंपनीच्या हातून. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन 'सुवर्णतास', म्हणजे दुखापतीनंतरचा पहिला तास, ही संज्ञा कायद्यात आली. आणि सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर ५ मे २०२५ रोजी अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचाराची योजना अधिसूचित झाली.

यांतील एकही गोष्ट टाकाऊ नाही. रस्ता सुरक्षित व्हावा, गाडी वेळेवर यावी, गरिबाला बिलाची भीती वाटू नये, हे कोण नाकारील? परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही हे कळते की, मागणीच्या हाती पैसा दिला आणि पुरवठा आहे तिथेच ठेवला, तर पैसा जिथे पुरवठा आहे तिकडे वाहत जातो. शासकीय रुग्णालयात परिचारिका नसेल, तर दीड लाखाचा हक्क घेऊन जखमी माणूस पनवेल-कामोठ्याच्या वाटेला लागणार. सार्वजनिक पैसा खासगी रुग्णालयाच्या तिजोरीत जाईल आणि सुवर्णतास रस्त्यावर सरेल. वाडीवरच्या सर्पदंशाला तर ही योजनाही लागू नाही.

आता थोडे गणित. एका जागी चोवीस तास एक परिचारिका उभी ठेवायची, तर दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे वर्षाच्या १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, सणवार, अर्जित आणि नैमित्तिक रजा मिळून सुमारे ११० दिवस वजा केले, तर एक परिचारिका वर्षाला २५५ पाळ्या करू शकते. म्हणजे एका जागेसाठी चारहून अधिक परिचारिका हव्यात. सामुदायिक आरोग्य केंद्राच्या ३० खाटांसाठी राष्ट्रीय मानकांनी २०१२ साली १० परिचारिका सांगितल्या. ही सगळी पदे भरलेली आहेत असे धरले, तरी एका पाळीला सव्वादोन परिचारिका येतात. त्यांनीच वॉर्ड पाहावा, प्रसूतिगृह पाहावे, शस्त्रक्रियेला उभे राहावे, नोंदवह्या भराव्यात आणि अपघात विभागही सांभाळावा. एक पद रिक्त राहिले, एक परिचारिका प्रसूतिरजेवर गेली, की रात्रपाळीला एकटी सिस्टर उरते. त्याच रात्री घाटात बस उलटली, तर तिने कोणाला वाचवावे आणि कोणाला सोडावे? ही निवड तिच्यावर लादणाऱ्या व्यवस्थेचे नाव कोणत्याही मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले जात नाही.

पदे भरा म्हटले, की उत्तर येते : बाह्यस्रोतातून भरू. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातील शासकीय परिचारिका याच धोरणाविरुद्ध संपावर गेल्या. तरीही ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. लोकक्षोभ उसळल्यावर २० ऑक्टोबरला तो मागे घेण्याची घोषणा करावी लागली. निर्णय गेला, वृत्ती गेली नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील हजारो कर्मचारी वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर राबत आले. करोनाच्या काळात ज्यांच्यावर फुले उधळली, त्यांतील कंत्राटी परिचारिकांना साथ ओसरताच घरचा रस्ता दाखवण्यात आला.

तातडीच्या सेवेत कंत्राटी पद्धत ही केवळ अन्यायाची नव्हे, तर शुद्ध उधळपट्टीची गोष्ट आहे. घाटातून आलेल्या जखमींपैकी कोणाकडे आधी धावायचे, मानेला दुखापत झालेल्याला कसे उचलायचे, विषबाधेच्या रुग्णाचे कोणते लक्षण वेळीच ओळखायचे, हे कौशल्य पुस्तकातून अर्धे आणि अनुभवातून अर्धे येते. ते यंत्रासारखे रुग्णालयाच्या मालकीचे राहत नाही. परिचारिका गेली की तेही तिच्याबरोबर जाते. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणारे शासन दर अकरा महिन्यांनी सार्वजनिक भांडवल रस्त्यावर फेकून देते आणि याला काटकसर म्हणते!

या परिस्थितीत परिचारिकांच्या व्यावसायिक संघटनांनी काय करावे? आजवरची रूढ चाकोरी सर्वांना माहीत आहे. १२ मे रोजी परिचारिका दिन, मेणबत्त्या, शपथ, आमदारांच्या हस्ते सत्कार. वर्षातून एखादी कार्यशाळा, तिथे बाहुलीच्या छातीवर दाब देण्याचे प्रात्यक्षिक, शेवटी प्रमाणपत्र आणि सामुदायिक छायाचित्र. प्रशिक्षण हवेच. भारतीय परिचर्या परिषदेने आपत्कालीन आणि आपत्ती परिचर्येचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आखला आहे. तो घाटाखालच्या परिचारिकांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. परंतु ज्या प्रशिक्षित परिचारिकेला पद नाही, तिचे प्रमाणपत्र म्हणजे कंत्राटदाराला फुकट मिळालेला माल. प्रशिक्षणाची मागणी करणारी आणि पदांविषयी मौन पाळणारी संघटना नकळत कंत्राटदाराचीच सेवा करते.

ज्या नाइटिंगेलबाईंच्या नावाने हा दिवस साजरा होतो, त्यांच्या हातात केवळ दिवा नव्हता. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि दुर्लक्षाने अधिक मेले, हे त्यांनी आकड्यांनी आणि आलेखांनी ब्रिटिश युद्धखात्याच्या तोंडावर मांडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडले. सत्काराच्या व्यासपीठांना दिवा सोयीचा वाटतो, कारण दिवा प्रश्न विचारत नाही.

परिचारिका ही व्यावसायिक आहे, ती कामगार नव्हे; संघटना ज्ञानासाठी असावी, झगड्यासाठी नव्हे, असा एक सभ्य युक्तिवाद केला जातो. अमेरिकेतील परिचारिकांच्या मुख्य संघटनेनेही १९५० साली संप न करण्याची प्रतिज्ञा घेतली होती. अनुभवाने शहाणे होऊन १९६८ साली ती प्रतिज्ञा त्यांनी मोडीत काढली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० साली, तिथे आपत्कालीन विभागातील परिचारिकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. परंतु इतके दूर जाण्याचेही कारण नाही. केरळात २०११ पासून खासगी रुग्णालयांतील परिचारिका संघटित झाल्या, रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तेथील शासनाला किमान २० हजार रुपये वेतनाची अधिसूचना काढावी लागली. १९०८ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशाने नेमलेल्या समितीनेही छोट्या खासगी रुग्णालयांसाठी २० हजारांचीच किमान मर्यादा सुचवली. जिथे याचिकेच्या पाठीशी रस्त्यावरची संघटना होती, तिथे कागद वेतन झाला; एरवी कागद कागदच राहिला.

परिचारिकांच्या संपाने रुग्ण मरतात, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. अपघात विभाग, अतिदक्षता कक्ष आणि प्रसूतिगृह यांतील सेवा आंदोलनाच्या काळातही चालू ठेवणे ही आपत्कालीन परिचारिकांच्या संघटनेची स्वयंघोषित मर्यादा असली पाहिजे. ती कायद्याच्या भीतीने नव्हे, वर्गबंधुत्वाने पाळायची. कारण शासकीय रुग्णालयाच्या दारात येतो तो श्रमिकच. परंतु शासनाला हा आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकार नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू होताच अत्यावश्यक सेवांचा कायदा विधिमंडळात तातडीने संमत झाला. संपाच्या दिवशी जी अत्यावश्यक ठरते, ती भरतीच्या दिवशी अनावश्यक कशी ठरते?

लढा आणि शुश्रूषा यांत मूलतः विरोध नाही, याचा पुरावा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. १९७३ साली अमानुष हल्ल्याला बळी पडलेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेची तिच्या सहकारी परिचारिकांनी २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. खाट मोकळी करण्यासाठी तिला तिथून हलवण्याचे घाटू लागले, तेव्हा याच परिचारिकांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. तिथे आंदोलन हाच शुश्रूषेचा एक भाग होता.

कर्जत-खालापूरला अशा वृत्तीची संघटना हवी आहे. तिचे दार शासकीय आणि कंत्राटी, खासगी आणि नगरपालिकेच्या, स्त्री आणि पुरुष, सर्व परिचारकांना खुले असावे. कायम आणि कंत्राटी ही शासनाने घातलेली फूट तिने पहिल्याच सभेत अमान्य करावी. प्रत्येक रुग्णालयातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर असलेल्या परिचारिकांची संख्या तिने दरमहा जाहीर करावी. किती जखमींना उपचाराविना पुढे पाठवावे लागले, याची नोंद ठेवावी, मात्र रुग्णाचे नाव गुप्त राखावे. द्रुतगती मार्गाच्या पथकरातील ठरावीक वाटा घाटाखालच्या रुग्णालयांतील कायम पदांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी करावी. ज्या रस्त्यावर माणूस जखमी होतो, त्या रस्त्याच्या उत्पन्नातून त्याच्या उशाशी परिचारिका उभी राहावी, यात अवास्तव काय आहे? आणि वाड्यांवरील आशा कार्यकर्त्यांना सर्पदंश, रक्तस्राव व प्रसूतीचे प्राथमिक उपचार तिने स्वतः शिकवावेत. म्हणजे तिच्या लढ्याच्या वेळी वाडी तिच्या पाठीशी उभी राहील.

पक्षालाही आत्मपरीक्षण चुकणार नाही. अपघात झाला की कार्यकर्ते धावतात, रक्त देतात, जखमींना खांद्यावरून वाहतात. इर्शाळवाडीच्या चिखलातही तरुणांनी हे केले. पण दुसऱ्या दिवशी रुग्णालयात पदांचा हिशेब मागायला कोणी जात नाही. गिरणी, गोदी, वाहतूक यांतील कामगारांच्या संघटना समाजवाद्यांनी बांधल्या. परिचारिकेकडे मात्र त्यांनी 'ताई' म्हणून आदराने पाहिले, श्रमिक म्हणून पाहिले नाही. आदर स्वस्त पडतो, संघटना बांधायला वर्षे लागतात.

याच कर्जत तालुक्यातील माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांचे स्मरण दरवर्षी होते. परंतु बंदूक हाती घेण्याआधी त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या आणि शाळा चालवल्या होत्या, हे स्मरणाच्या सभेत मागे पडते. संकट येण्याआधी गरिबाच्या हाती साठा असावा, हे त्या धान्यकोठीचे सूत्र होते. तातडीच्या उपचारालाही तेच सूत्र लागू आहे. पुढची दरड कोसळण्याआधी, पुढची बस घाटात उलटण्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका हजर असली पाहिजे, कायम पदावर आणि पुरेशा संख्येने. येत्या १२ मे रोजी कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी फुले घेऊन जावे, अवश्य जावे. पण परतताना रात्रपाळीच्या हजेरीचा आकडा घेऊन यावे.