यादीत नाव, पंगतीत पान नाही!

संगणकाच्या धंद्यात उभे आयुष्य काढलेले आमचे एक स्नेही परवा फराळाला आले होते. बोलता बोलता इथिओपियाच्या लिपीचा विषय निघाला, तेव्हा चकली मोडीत ते म्हणाले, "अहो, त्यांच्या स्वरखुणांनाही युनिकोडमध्ये क्रमांक मिळाले. प्रश्न मिटला!" मला हे साफ नामंजूर आहे. घरी आलेल्या पाहुण्याशी भांडू नये, म्हणून येथे भांडतो.

वाचकहो, आधी प्रकरण ऐका. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गीझ भाषेतली स्तोत्रे गातात. बोलण्यातून ही भाषा केव्हाच गेली. गाण्यात मात्र राहिली. या गायनाचे जनकत्व परंपरेने सहाव्या शतकातल्या संत यारेदाला दिले आहे. चाली कंठातून कंठात उतरत आल्या. सोळाव्या शतकात, राजा गेलावदेवोसच्या कारकीर्दीत, त्यांना लेखी खुणा मिळाल्या. शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरे आणि त्यांच्या जोडीला रेघा, ठिपके, वेलांट्या! 'रिक्रिक' म्हणजे आवाजाला कंप द्या, 'दिफात' म्हणजे तो खाली उतरवा, 'कुर्त' म्हणजे तोडा. खूण हलली की चाल बिघडलीच!

ही लिपी युनिकोडमध्ये आली १९९९ साली आणि या दहा खुणा आल्या २००५ साली. पण आल्या त्या कशा? अक्षराला चिकटणारी चिन्हे म्हणून नव्हे, तर सुटी, स्वतंत्र चिन्हे म्हणून. मी स्वतः एक शब्द टंकून त्यावर खूण चढवू पाहिली. बाईसाहेब डोक्यावर न चढता शेजारी जाऊन उभ्या राहिल्या!

आता आपल्या देवघरातली रुद्राची पोथी उघडा. अक्षराखाली आडवी रेघ, अक्षरावर उभी रेघ. या रेघांना युनिकोडने १९९१ सालीच जागा दिली, आणि त्या अक्षराला घट्ट धरून राहतात. उभ्या रेघेला नाव मात्र 'उदात्त' असे दिले. ऋग्वेदाच्या पोथीत ती असते स्वरिताची. नाव चुकले, पण जागा चुकली नाही. तिकडे नावे बरोबर आणि जागाच नाही!

माझे स्नेही म्हणतात, "त्यांचे गाणे एका ओळीत मावत नाही. वर अक्षरे, खुणा, असे थर असतात. ते रचणे मांडणी करणाऱ्या प्रणालीचे काम." युक्तिवाद खोटा नाही, हे मी मान्य करतो. पण मग ते काम झाले का, ते सांगा! जपानी मजकुरावर उच्चार छापण्यासाठी केलेली सोय उसनी घेऊन खुणा कशाबशा वर बसवता येतात. तोच मजकूर उचलून साध्या पत्रात टाका, की वरची खूण धपकन ओळीत येऊन पडते. शब्द पोहोचतो आणि चाल वाटेतच गळते.

पाहुण्याचे नाव यादीत घातले, पत्रिका पाठवली, आणि पंगतीत पानच मांडले नाही, तर त्याला आमंत्रण म्हणावे काय? युनिकोडने एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही, आणि तो नियम योग्यच आहे; क्रमांक बदला असे मी म्हणत नाही. माझे मागणे एवढेच, की लेखनाच्या व छपाईच्या प्रणाली करणाऱ्यांनी ओळीच्या वरची ही ओळ आपलेच काम मानावे. विकत घेणारे थोडे आहेत, ही सबब मला सांगू नये. आपल्या पोथ्यांतल्या रेघांना तरी गिऱ्हाईक किती होते? तरी त्या मिळाल्या, आणि आपण त्या हक्काने वापरतो.

स्नेह्यांना पुढच्या दिवाळीचेही आमंत्रण आहे. तोवर त्यांनी 'प्रश्न मिटला' हे वाक्य तेवढे मागे घ्यावे. चकल्या हव्या तितक्या देऊ!